लिव्हर कॅन्सरचा जीन रिपोर्ट आला, त्यात टीपी५३ लिहिलंय, आता तो वाचायचा कसा

मिरजेत लॅबमध्ये काम करतो म्हटल्यावर सांगली, तासगाव, कराड, अगदी माण-खटावकडचे पाहुणेसुद्धा व्हॉट्सॲपवर रिपोर्टच्या पीडीएफ पाठवतात. हल्ली त्यात लिव्हरच्या गाठीचा जीन पॅनेल, म्हणजे एकदम बरेच जीन तपासलेला रिपोर्ट हा प्रकार वाढलाय, भरपूर पानांचा, रंगीत, आणि पहिल्याच पानावर लाल अक्षरात टीपी५३ या जीनचं नाव. मग घरात एकच प्रश्न, "म्हणजे हे आता पोरांना पण होणार का?" आधीच सांगून टाकतो, बहुतेक वेळा नाही. पण का नाही ते तुमचं तुम्हाला रिपोर्टमधूनच कळलं तर बरं, म्हणून हे लिहितोय. रिपोर्टमध्ये ही सगळी नावं इंग्रजी अक्षरात असतील, मी इथं देवनागरीत लिहितोय, जुळवून घ्या.

जीनच्या नावाकडं जायच्या आधी फाईलमधला जुना कागद काढा आणि कॅन्सर नक्की कुठला ते बघा. लिव्हरमध्ये गाठ दिसली की सगळेच लिव्हर कॅन्सर म्हणतात, पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. लिव्हरच्या स्वतःच्या पेशींचा कॅन्सर म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, ज्याला डॉक्टर एचसीसी म्हणतात. पित्तनलिकेचा कॅन्सर म्हणजे कोलॅंजिओकार्सिनोमा. आणि तिसरा म्हणजे मोठं आतडं, स्वादुपिंड, स्तन अशा दुसऱ्या कुठल्यातरी जागेवरून लिव्हरमध्ये पसरलेला. तिन्हीत टीपी५३ मध्ये बदल सापडतो, तिन्हीत त्याचा अर्थ वेगळा. मी पुढं जे सांगतोय ते मुख्यतः एचसीसीबद्दल.

आता एचसीसीची एक गंमत आहे. सिरोसिस (लिव्हर आक्रसून कडक होणं) असलेल्या किंवा जुनी हेपॅटायटिस बी असलेल्या माणसाला ट्रायफेजिक सीटी किंवा एमआरआयमध्ये ठरावीक पॅटर्न दिसला, म्हणजे इंजेक्शनचा डाय आधी गाठीत जोरात भरतो आणि नंतरच्या फेजमध्ये धुऊन निघतो, तर बायोप्सी न करताच निदान पक्कं धरतात. त्यामुळं कित्येक पेशंटचा तुकडा कधी काढलेलाच नसतो. आणि गाठीच्या जीन टेस्टला तर सहसा तुकडा लागतो! कुणी नुसत्या जीन टेस्टसाठी बायोप्सी करूया म्हणालं तर सरळ विचारा, "साहेब, रिपोर्ट काही आला तरी औषध बदलणार आहे का?" एचसीसीमध्ये आजच्या घडीला याचं उत्तर बहुतेकदा नाही असंच येतं. ऑपरेशन, ट्रान्सप्लांट, ॲब्लेशन (गाठ जागच्या जागी जाळणं), टेस (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून ती बंद करणं), आणि औषधांत सोराफेनिब, लेन्व्हाटिनिब, अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅबची जोडी, ड्युर्व्हालुमॅब-ट्रेमेलिमुमॅबची जोडी, यातलं काय द्यायचं ते गाठीचा आकार, रक्तवाहिनीत शिरलीय का, लिव्हर किती शिल्लक आहे, पेशंट किती हिंडता-फिरता आहे यावर ठरतं, टीपी५३ बघून ठरत नाही. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये मात्र उलटं, तिथं एफजीएफआर२ आणि आयडीएच१ या जीनमध्ये बदल सापडले तर त्यावर औषधं आहेत, तिथं टेस्टला पैसे घालण्यात अर्थ आहे. म्हणून म्हटलं आधी कॅन्सरचा प्रकार बघा.

दुसरी गोष्ट, सॅम्पल कशाचं होतं. पहिल्या पानावर वरच्या चौकटीतच असतं आणि तेच कोणी वाचत नाही. गाठीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तुकडा असेल तर सापडलेला बदल गाठीतला आहे. रक्त किंवा थुंकीवरून केलेली जन्मजात टेस्ट असेल तर बदल अंगातल्या सगळ्या पेशींत, आईबापाकडून आलेला. आणि तिसरा प्रकार लिक्विड बायोप्सीचा, त्यात रक्तच घेतात पण शोधतात गाठीतून सुटलेला डीएनए. इथं एक फसगत होते. वय झालं की रक्ताच्या पेशींमध्येच काही बदल साठलेले असतात आणि त्यात टीपी५३ पण असतो, मग लिक्विड बायोप्सीत दिसलेला टीपी५३ लिव्हरच्या गाठीचा की रक्तपेशींचा ते नुसतं बघून कळत नाही. चांगली लॅब सोबत पांढऱ्या पेशींचा डीएनए वेगळा तपासते आणि तसं लिहिते. लिहिलं नसेल तर विचारायचं.

एचसीसीमध्ये टीपी५३ सापडतो तो जवळजवळ नेहमी गाठीतलाच असतो, माणसाच्या आयुष्यात लिव्हरच्या एखाद्या पेशीत घडलेला. तो वडिलांच्या लिव्हरमध्ये घडला, वडिलांच्या बीजात नाही, त्यामुळं पोरांकडं जायचा प्रश्नच येत नाही. त्या "पोरांना होणार का"चं उत्तर एवढंच आहे.

टीपी५३ ला ट्यूमर सप्रेसर म्हणजे गाठ रोखणारा जीन म्हणतात, मग हा सप्रेसर म्हणजे काय? उसाच्या ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक पॅडल असतात. एक गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, ड्रायव्हर शिव्या घालतो, पण थांबतो. दोन्ही गेले आणि मागं दोन ट्रॉल्या ऊस असला की मग काय होतं ते कारखान्याच्या रस्त्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. सप्रेसर जीनच्याही प्रत्येक पेशीत दोन प्रती, एक आईची एक बापाची, आणि साधारण दोन्ही निकामी व्हाव्या लागतात तेव्हा पेशी बेलगाम वाढायला लागते. हा दोन फटक्यांचा विचार आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून मांडला. टीपी५३ मात्र यात थोडा आगाऊ आहे. त्याचं प्रोटीन चार-चारच्या गटात काम करतं, त्यामुळं एका प्रतीतून खराब प्रोटीन यायला लागलं की ते चांगल्याच्या गटात घुसून त्याचंही काम बिघडवतं. म्हणजे दुसरा फटका बसायच्या आधीच अर्धं नुकसान झालेलं. बहुतेक गाठींत दुसरी प्रतही पुढं जातेच, १७ नंबरच्या क्रोमोसोमचा तो तुकडाच गळून पडतो.

टीपी५३ जीनवरून बनणारं पी५३ प्रोटीन १९७९ मध्ये सापडलं आणि गंमत म्हणजे पहिली दहा वर्षं शास्त्रज्ञ त्याला कॅन्सर वाढवणारा समजत होते, कारण त्यांच्या हातात जी प्रत होती तीच बिघडलेली होती. १९८९ च्या सुमारास कळलं की मूळ प्रत कॅन्सर रोखते. डीएनएला इजा झाली की पेशीचं विभाजन थांबवणं, दुरुस्तीला वेळ देणं, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावणं, ही त्याची कामं.

आता प्रत्यक्ष लाईन वाचू. समजा लिहिलंय: टीपी५३, सी.७४७जी>टी, पी.एआरजी२४९सर, व्हीएएफ ३८%, टियर अमुक. पहिला भाग जीनचं नाव. सी. म्हणजे जीनच्या अक्षरमाळेत ७४७ व्या जागी जी होतं तिथं टी झालं. पी. म्हणजे त्यामुळं प्रोटीनमध्ये २४९ व्या जागी आर्जिनिन होतं तिथं सेरिन आलं. यालाच थोडक्यात आर२४९एस लिहितात. पूर्ण प्रोटीन ३९३ कड्यांचं, त्यातली एक कडी बदलली, पण ती नेमकी डीएनएला पकडणाऱ्या भागातली, म्हणून बोंब.

बदलाचा प्रकार बघायला शिकलात तर निम्मा रिपोर्ट कळतो. एका कडीच्या जागी दुसरी आली तर तो मिससेन्स. पी. नंतरच्या नावात शेवटी फुली किंवा टीईआर असेल तर प्रोटीन मध्येच तुटलं. एफएस असेल तर एखादं अक्षर गळून किंवा घुसून पुढचं सगळं वाचन सरकलं, तेही बहुतेक तुटण्यातच जमा. सप्रेसर जीनमध्ये तुटलेलं प्रोटीन म्हणजे ती प्रत गेली असं समजायला फार विचार करावा लागत नाही, ॲक्सिन१ आणि एआरआयडी१ए या सप्रेसर जीनमध्ये जास्त करून असलेच तुटके बदल दिसतात. मिससेन्समध्ये खरी डोकेदुखी, कारण एक कडी बदलल्यानं काहीच होत नाही असंही असतं आणि सगळं बोंबलतं असंही असतं. आणि एक प्रकार असा की साध्या पॅनेलमध्ये तो दिसतच नाही. जीनची अक्षरं शाबूत असतात पण त्याच्या तोंडावर मिथाइलचं कुलूप लागून जीन बंद असतो. लिव्हरच्या गाठीत सीडीकेएन२ए, ज्यातून पी१६ प्रोटीन बनतं, तो असा बंद झालेला बऱ्याच वेळा सापडतो. म्हणजे रिपोर्टमध्ये एखाद्या सप्रेसरचं नाव नाही म्हणून तो धडधाकट आहे असं धरू नका.

व्हीएएफचा आकडा बघून लोक घाबरतात, "३८ टक्के कॅन्सर पसरलाय का?" नाही हो. त्या जागेची जेवढी वाचनं मशीननं केली त्यातल्या ३८ टक्के वाचनांत बदल होता, एवढंच. तुकड्यात नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात, चांगल्या लिव्हरच्या, रक्ताच्या, सूजेच्या पेशी मिसळलेल्या असतात. समजा तुकड्यात ६० टक्के पेशी गाठीच्या आहेत आणि प्रत्येकीत दोनपैकी एकच प्रत बिघडलीय, तर व्हीएएफ ३० च्या आसपास येईल. तेवढ्याच पेशींत दुसरी प्रत गळून गेली असेल तर तोच आकडा ४३ च्या आसपास जातो, कारण चांगली वाचनं कमी झाली. म्हणून या आकड्याच्या शेजारी ट्यूमर कंटेंट किती लिहिलंय ते बघायचं. बऱ्याच लॅब निदान २० टक्के तरी गाठीच्या पेशी मागतात, त्याच्या खाली असेल आणि रिपोर्ट "काही सापडलं नाही" म्हणत असेल तर तो निगेटिव्ह फार मनावर घेऊ नका, मशीनला बघायलाच पुरेसं मिळालं नव्हतं. उलट बाजूनं, ५० च्या आसपास किंवा वरचा आकडा कधीकधी जन्मजात बदलामुळंही येतो, तेव्हा पेशंटचं वय कमी असेल, घरात लहान वयातले वेगवेगळे कॅन्सर झालेले असतील तर डॉक्टरांना रक्तावरून वेगळी जन्मजात टेस्ट करायची का ते विचारा. नुसत्या आकड्यावरून आपण ठरवायचं नाही.

मग येतो व्हीयूएस, म्हणजे अर्थ अजून ठरलेला नाही असा बदल. जन्मजात बदलांना २०१५ पासून पाच खण आहेत, रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. गाठीतल्या बदलांना २०१७ पासून चार टियर, पहिल्यात औषध किंवा निदान बदलणारे, दुसऱ्यात शक्यता असलेले, तिसऱ्यात अनिश्चित, चौथ्यात दुर्लक्ष करण्यासारखे. व्हीयूएसची यादी शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात असते आणि नेमकी तीच यादी घेऊन लोक गुगलवर बसतात. त्या यादीवरून ऑपरेशन, औषध, लग्न, काहीही ठरवायचं नाही. आपल्याकडच्या लोकांचा डेटा जगाच्या डेटाबेसमध्ये अजून कमी आहे, त्यामुळं परदेशी यादीत न दिसलेला साधा वेगळेपणाही आपल्या रिपोर्टात अनिश्चित म्हणून येऊन बसतो.

लिव्हरच्या गाठीत नावं कुठली येतात? सगळ्यात जास्त दिसतो टर्ट प्रमोटर (टर्ट जीन चालू-बंद करणारा त्याच्या तोंडाचा भाग), नंतर टीपी५३ आणि सीटीएनएनबी१, हे दोन्ही साधारण ३० टक्क्यांच्या अलीकडं-पलीकडं. यातले टर्ट आणि सीटीएनएनबी१ सप्रेसर नाहीत बरं का, ते ॲक्सिलरेटरवाले, बदलले की जास्त चालतात. ॲक्सिन१ हा सीटीएनएनबी१ ला आवरणारा, तो खरा सप्रेसर. एआरआयडी१ए आणि एआरआयडी२ डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करणाऱ्या यंत्रणेतले. आरबी१, पीटेन, टीएससी१, टीएससी२ कमी वेळा. आठ नंबरच्या क्रोमोसोमवर डीएलसी१ नावाचा एक आहे, त्याचं नावच डिलीटेड इन लिव्हर कॅन्सर, पण पेशंटच्या रिपोर्टात तो सहसा बघायला मिळत नाही, तो संशोधनाचा विषय. टीपी५३ बिघडलेल्या गाठी सरासरी जास्त आक्रमक, रक्तवाहिनीत घुसणाऱ्या निघतात हे खरं, पण सरासरी ही सरासरी असते, लहान गाठ पूर्ण काढली आणि लिव्हर ठणठणीत असला तर तो माणूस टीपी५३ असूनही बरा चालतो.

"संभाव्य औषधं" नावाचं पान असतं ना, ते वाचताना जरा हात आखडता. टीपी५३ वर एचसीसीसाठी मंजूर झालेलं औषध नाही. टीएससी२ किंवा पीटेन सापडला की समोर एव्हरोलिमस लिहिलेलं येतं, कागदावर तर्क बरोबर आहे कारण ते औषध त्याच साखळीवर काम करतं, पण सोराफेनिब चालेनासं झालेल्या एचसीसी पेशंटांवर एव्हरोलिमसची मोठी चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला, आयुष्य वाढलं नाही. त्यातल्या एखाद्या जीनवाल्याला थोडा उपयोग होईलही, पण "रिपोर्टात लिहिलंय म्हणून द्याच" असा हट्ट ओपीडीत धरू नका. एमएसआय-हाय (डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडल्याची खूण) किंवा एनटीआरके फ्यूजन (हा जीन तुटून दुसऱ्या जीनला जोडला जाणं) आलं असेल तर मात्र ते पान डॉक्टरांना मुद्दाम उघडून दाखवा, लिव्हरमध्ये क्वचित येतं पण आलं तर कामाचं असतं.

आता आर२४९एसवर परत येतो कारण यात आपल्या भागाचा संबंध आहे. १९९१ मध्ये चीनच्या चिडोंग भागातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लिव्हर कॅन्सरच्या गाठी तपासल्या तेव्हा दोन्हीकडं टीपी५३ च्या याच एका जागेवर बदलांची गर्दी सापडली. दोन्हीकडं साम्य काय, तर बुरशी लागलेलं धान्य, म्हणजे अफ्लाटॉक्सिन. मक्यावर, शेंगांवर जी हिरवट-पिवळट अस्परजिलस बुरशी येते तिचं हे विष. पोटात गेलं की लिव्हरच त्याला पचवायला जातो आणि पचवता पचवता त्याचं असं रूप बनवतो की ते डीएनएतल्या जी अक्षराला जाऊन चिकटतं, आणि नक्कल करताना तिथं जी ऐवजी टी पडतो. कॅन्सरच्या गाठीवर कारणाचा असा ठसा सापडणं दुर्मिळ. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा, आर२४९एस नाही म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा हात नाही असं म्हणता येत नाही, आणि आहे म्हणून घरातल्या कुणी खराब शेंगा आणल्या म्हणून भांडायचं कारण नाही, हा खेळ कैक वर्षांचा असतो.

आणि हेपॅटायटिस बी असलेल्याला हे विष फार महागात पडतं. शांघायच्या पुरुषांवर १९९० च्या दशकात जो अभ्यास झाला त्यात नुसतं अफ्लाटॉक्सिन असलेल्यांना लिव्हर कॅन्सरचा धोका सुमारे ३ पट, नुसता हेपॅटायटिस बी असलेल्यांना ७ पट, आणि दोन्ही असलेल्यांना जवळजवळ ६० पट निघाला. बेरीज नाही, गुणाकारापेक्षाही जास्त.

आपण शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी न करणारी माणसं, त्यामुळं हे जरा सविस्तर. दुष्काळी पट्ट्यात, माण, खटाव, जत, आटपाडीकडं शेंग भरायच्या वेळी पाऊस ओढ देतो आणि जमीन तापते, तेव्हा बुरशी शेतातच शिरते, पोत्यात भरायच्या आधी. काढणीनंतर शेंगा ढिगात ओल्या ठेवल्या की वाढते. म्हणून काढल्या काढल्या ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा, शेंग कानाशी हलवली की आत दाणा वाजला पाहिजे, तोपर्यंत पोत्यात भरू नका, पोती जमिनीवर न टेकवता फळ्यांवर ठेवा. फोडताना तुटका, सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा दाणा बाजूला काढा आणि फेका, कारण विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, थोड्याच खराब दाण्यांत बहुतेक सगळं साठलेलं असतं, त्यामुळं नुसत्या निवडण्यानं खूप फरक पडतो. पण आपल्याकडं काय होतं, चांगला दाणा बाजारात आणि निवडून काढलेला घरच्या चटणीला किंवा घाण्याला! भाजल्यानं हे विष थोडं कमी होतं, जात नाही, तळल्यानंही जात नाही. बुरशीची पेंड जनावराला घातली तर त्याचाच एक प्रकार दुधात उतरतो. आणि महापुरात भिजलेलं धान्य, २०१९ ला सांगलीत किती घरांनी वाळवून परत वापरलं असेल, कळतंय की पोटावर पाय देऊन टाकवत नाही, पण बुरशी आलेलं धान्य धुऊन वाळवून त्यातलं विष निघत नाही.

आता जन्मजात फरकांचा दुसरा विषय, कारण थुंकी पाठवा आणि कॅन्सरचा धोका जाणून घ्या अशा टेस्ट विकल्या जातात. त्यात टीपी५३ कोडॉन ७२, म्हणजे प्रोटीनची ७२ वी जागा, असं एक येतं, तिथं कुणाला आर्जिनिन असतं, कुणाला प्रोलिन, कुणाला एकेक. हा बिघाड नाही, रक्तगटासारखा माणसामाणसांतला फरक आहे आणि जगभर कोट्यवधी लोकांत आहे. यावर लिव्हर कॅन्सरचे ढीगभर अभ्यास झालेत, काहींत प्रोलिनवाल्यांना थोडा जास्त धोका निघाला, काहींत काहीच नाही. एमडीएम२ जीनच्या ३०९ जागेचंही असंच, एमडीएम२ हा पी५३ ला मोडीत काढणारा, त्याचं प्रमाण वाढलं की पी५३ कमी पडतो, तर्क छान, पण त्यावरून एकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

असा कुठला दावा वाचला की दोन-तीन गोष्टी तपासा. कॅन्सर झालेल्यांची तुलना कुणाशी केलीय? हेपॅटायटिस बी असलेल्या पेशंटांची तुलना धडधाकट रक्तदात्यांशी केली तर फरक जीनचा आला की व्हायरसचा ते कळणार नाही. माणसं किती होती, शे-दोनशे की हजारो. आणि धोका १.३ पट म्हणजे काय, तर मुळात धोका कमी असेल तर त्याच्या १.३ पटही कमीच. फॅटी लिव्हरमध्ये पीएनपीएलए३ चा आय१४८एम हा बदल मात्र वारंवार, वेगवेगळ्या देशांत खरा ठरलाय, तो असलेल्यांचं लिव्हर लवकर खराब होतं. पण तो सप्रेसर नाही, चरबीच्या कारभारातला जीन आहे, आणि तो सापडला तरी सल्ला तोच, वजन, साखर, दारू.

घरच्यांनी जीन टेस्ट कधी करायची? खरोखर विचार करायची वेळ येते ती थोड्या घरांत. एकाच घरात लहान वयात स्तनाचा, हाडाचा, मेंदूचा, ॲड्रिनलचा असे कॅन्सर झाले असतील तर जन्मजात टीपी५३ म्हणजे ली-फ्रॉमेनी सिंड्रोमचा विचार होतो. लहान मुलाला लिव्हरची गाठ, हेपॅटोब्लास्टोमा, झाली आणि घरात आतड्यात शेकडो पॉलिप्सचा इतिहास असेल तर एपीसी जीनचा. तरुण वयात सिरोसिस झाला तर विल्सन म्हणजे तांबं साठण्याचा आजार, किंवा लोह साठण्याचा आजार वगैरे. असं काही असेल तर पुण्या-मुंबईकडं जेनेटिक कौन्सेलर भेटतात, आधी त्यांच्याशी बोला, मग रक्त द्या.

बाकी सगळ्या घरांनी जीनच्या पैशात आधी एचबीएसएजी (हेपॅटायटिस बीची रक्ताची टेस्ट) आणि हेपॅटायटिस सीची टेस्ट करावी, पेशंटच्या भावा-बहिणींची, पोरांची, बायकोची, सगळ्यांची. एकाच घरात दोघा-तिघांना लिव्हर कॅन्सर झाला की लोक "खानदानी आहे" म्हणतात, पण आईकडून बाळंतपणात पोरांकडं गेलेला हेपॅटायटिस बी हे कारण त्यामागं कितीतरी वेळा असतं. ही तपासणी स्वस्त आहे, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांतून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निगेटिव्ह आलात तर लस घ्या, मोठ्यांना तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. घरात बाळ येणार असेल तर जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस गेला का ते डिस्चार्ज कार्डावर बघा. पॉझिटिव्ह आलात तर घाबरू नका, व्हायरस दाबून ठेवणारी रोजची एक गोळी आहे, ती सुरू करायची का ते डॉक्टर ठरवतील, आणि हेपॅटायटिस सी तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जोडीला एएफपी नावाची रक्ताची टेस्ट. हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असलेल्यांतही वय, घरचा इतिहास बघून डॉक्टर हीच सांगतात. ती चुकवू नका, गाठ लहान असताना सापडली तरच काढता येते.

हळदीबद्दल बोललो नाही तर सांगलीकर रागावतील. हरिपूरच्या पेवातली हळद भाजीत खा, दुधात खा, काही म्हणणं नाही. पण "कर्क्युमिननं पी५३ जागा होतो" म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या जास्त डोसच्या कॅप्सूल पेशंटला सुरू करतात, ते करू नका. प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं म्हणजे माणसात होतं असं नाही, आणि असल्या कॅप्सूलनं लिव्हरला सूज आलेल्या केसेस नोंदलेल्या आहेत, जिथं आधीच लिव्हर थोडासा उरलाय तिथं ही जोखीम कशाला. चालू असेल तर निदान डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

ओपीडीला जाताना पूर्ण रिपोर्टची प्रिंट न्या, नुसतं पहिलं पान नको, व्हॉट्सॲपवरचा फोटो तर नकोच. सोबत हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद, शेवटच्या सीटीची सीडी, एचबीएसएजीचा रिपोर्ट, बिलिरुबिन-अल्ब्युमिन-आयएनआरचे आकडे, कारण लिव्हर किती शिल्लक आहे ते त्यावरूनच कळतं. मेणाचा ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे ते लिहून ठेवा, दुसरीकडं मत घ्यायला किंवा आणखी टेस्ट करायला तोच लागतो, मागायचा असेल तर अर्ज देऊन सहीनं घ्या, आणि प्रवासात उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं. टेस्टचा खर्च योजनेत बसतो का ते आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, सॅम्पल गेल्यावर विचारून उपयोग नसतो.